मोटर गेलेली नव्हती

मोटर गेलेली नव्हती. सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर मी हेच सांगत होते, फोनवर हेच सांगितलं, लेखी तक्रारीचं पहिलं वाक्यही हेच आहे, आणि इथेही सुरुवात त्यानेच करते. ‘मोटर जळाली, बदलली’ असं बिलावर लिहून त्यांनी माझ्याकडून नव्या व्हॅक्यूम क्लीनरच्या जवळपास निम्मी किंमत घेतली. ती मोटर आज माझ्याकडे आहे. तिच्या वाइंडिंगला जळका वास नाही, कार्बनचे ब्रश निम्मेसुद्धा झिजलेले नाहीत, आणि एका जाणत्या मिस्त्रींनी ती माझ्यासमोर चालवून दाखवली आहे.

पैसे गेले त्याचा राग आहेच, तो लपवत नाही. पण त्याहून मोठा राग ‘मॅडम, तुम्हाला यातलं कळत नाही’ या वाक्याचा आहे. मला जे दिसत होतं, जे ऐकू येत होतं, ते मी त्यांना नीट आणि क्रमाने सांगितलं होतं. त्या लक्षणांचा अर्थ त्यांना कळायला हवा होता. कळूनही मोटर बदलली असेल तर ती फसवणूक आहे. कळलाच नसेल तर त्यांनी दुरुस्तीचे पैसे घेऊ नयेत.

आमच्याच सोसायटीत आता एकेक जण सांगतो, ‘आमचंही असंच झालं होतं, आम्ही गप्प बसलो.’ म्हणून लिहिते आहे. ज्यांच्या घरी हे मशीन आहे त्यांनी, आणि ज्यांच्या दारात उद्या कोणी प्रात्यक्षिक द्यायला उभं राहणार आहे त्यांनीही वाचावं.

पांढऱ्या फडक्याचा प्रयोग

मशीन विकायला घरी आलेला मुलगा बोलायला गोड होता. ‘काकू, तुमच्या गादीत काय आहे ते फक्त दाखवतो, घेऊ नका हवं तर.’ त्याने पाइप आणि नोझल यांच्यामध्ये पांढरं फडकं लावलं, गादीवर थोडा वेळ मशीन फिरवलं आणि फडकं काढून माझ्या हातावर ठेवलं. मधोमध काळपट राखाडी गोल डाग. मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, ‘आजी रोज रात्री हे श्वासात घेतात.’ सासूबाईंना दमा आहे. त्या वाक्यानंतर घरात कोणाला नाही म्हणता आलं नाही.

आता मला माहीत आहे की तो डाग त्या मशीनबद्दल काहीही सांगत नाही. हा प्रयोग शंभर वर्षांहून जुना आहे. 1901 साली लंडनमध्ये ह्यूबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ फुंकून उडवणारं एक यंत्र पाहिलं. फुंकलेली धूळ पुन्हा खालीच बसते, तर ती ओढून का घेऊ नये, असं त्याला वाटलं. एका उपाहारगृहात खुर्चीच्या मखमली पाठीवर रुमाल धरून त्याने तोंडाने हवा ओढली आणि रुमालाला धूळ चिकटलेली पाहिली. हवा कापडातून पार जाते, धूळ अडकते, एवढंच त्यातून सिद्ध होतं. कुठल्याही कंपनीचं, कुठल्याही किमतीचं मशीन गादीवर फिरवा, फडकं काळं होणारच. गादीत आपल्या त्वचेचे सूक्ष्म कण, कापसाचे तंतू आणि बाहेरून आलेली माती असते. ही धूळ आज ओढली तरी उद्या पुन्हा ओढता येते. शेजारच्यांच्या स्वच्छ गादीवरही तोच डाग पडला असता.

‘किडे मरतात’ हा त्याचा दुसरा दावा. धुळीतले हे माइट्स साधारण पाव मिलिमीटरचे असतात आणि धाग्यांना पायांनी घट्ट धरून बसतात. व्हॅक्यूमने वरची धूळ आणि त्यांची विष्ठा काही प्रमाणात निघते, ॲलर्जी मुख्यतः त्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे होते, म्हणून तेवढा उपयोग नक्की आहे. पण जिवंत माइट्स बरेचसे तिथेच राहतात. चादरी, अभ्रे साठ अंश सेल्सिअसच्या पाण्यात धुणं, गादीला घट्ट विणीचं कव्हर घालणं, खोलीतली दमट हवा कमी करणं, हे उपाय त्यांच्यावर खरे चालतात. गादी कडक उन्हात टाकून उलटीपालटी करायची सासूबाईंची जुनी सवय त्या मुलाने हसण्यावारी नेली होती. ऊन गादीतला दमटपणा काढतं, आणि दमटपणावरच हे जीव जगतात. सवय बरोबर होती.

तिसरा दावा सगळ्यात महागात पडला. स्वयंपाकघरातल्या टाइल्सचं काम ठरलेलं होतं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, ‘सिमेंटची धूळ चालते का?’ तो म्हणाला, ‘काकू, पीठ, राख, सिमेंट, बिनधास्त ओढा. याच्यासाठीच तर आहे.’ माझा प्रश्न आणि त्याचं उत्तर दोन्ही मला शब्दशः आठवतात. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, इंग्रजीत, बारीक अक्षरांत, सिमेंट आणि प्लास्टरची धूळ ओढू नये असं छापलेलं आहे. ती पुस्तिका खोक्याच्या तळाशी होती आणि खोकं पैसे दिल्यावर उघडलं गेलं.

मशीन काय सांगत होतं

टाइल्सवाले गेल्यानंतर मी त्याने सांगितल्याप्रमाणे घर झाडून-ओढून काढलं. लवकरच ओढ कमी झाली. पिशवी उघडून पाहिली तर अर्धीसुद्धा भरलेली नव्हती. ओढ कमी झाली, पण आवाज मात्र वाढला, पहिल्यापेक्षा बारीक आणि चढा लागू लागला. मागून येणारी हवा गरम येऊ लागली. मग एकदा मशीन चालता चालता आपोआप बंद पडलं. अर्ध्या-पाऊण तासाने बटण दाबलं, तर चालू झालं. पुन्हा थोड्या वेळाने बंद.

ही चार लक्षणं मी कागदावर लिहून नेली होती. काउंटरवरच्या माणसाने कागद हातातही घेतला नाही. आतल्या मुलाने प्लग लावला, आवाज ऐकला, बंद केलं आणि म्हणाला, ‘मोटर गेली.’ झाकण उघडलं नाही. पाइप काढला नाही. मी म्हटलं, ‘अहो, थंड झाल्यावर पुन्हा चालू होतं. जळालेली मोटर चालू कशी होईल?’ त्यावर काउंटरवरचा माणूस म्हणाला, ‘मॅडम, शेवटचे गचके देते ती. तुम्ही ओलं ओढलं असणार.’ मी ओलं काहीही ओढलं नव्हतं. तसं सांगितलं तर तो आतल्या मुलाकडे बघून हसला. दुरुस्तीच्या फॉर्मवर ‘कस्टमर मिसयूज’ असं त्याने आधीच लिहून टाकलं होतं, म्हणजे वॉरंटीचा प्रश्नच मिटला.

मशीन घ्यायला गेले तेव्हा मी जुनी मोटर मागितली. ‘जुना पार्ट कंपनीला जमा करावा लागतो.’ मी विचारलं, ‘वॉरंटीत बदललाय का?’ ‘नाही.’ ‘मग पैसे मी दिलेत, पार्ट माझा.’ बराच वेळ आतबाहेर झालं, कोणाला तरी फोन झाला, मागे रांगेत उभे असलेले लोक बघू लागले, तेव्हा ती मोटर वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्यासमोर आपटली गेली. त्या दिवशी मी जे केलं त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम हे होतं, आणि त्याबद्दल मला उद्धट म्हटलं गेलं.

घरी आणून मशीन लावलं. नवी मोटर, आणि आवाज तोच. तोच बारीक, चढा सूर. ओढ तेवढीच मरतुकडी. मागून तीच गरम हवा. मी बटण बंद करून तिथेच जमिनीवर बसले. मोटर हा या आजाराचा भागच नव्हता, हे त्या क्षणी कळलं. मोटर बदलल्यावर ज्या लक्षणांत तसूभरही फरक पडत नाही, ती लक्षणं मोटरची नाहीत. हे समजायला इंजिनिअर असावं लागत नाही. त्या सेंटरमध्ये कोणी मशीन एकदा चालवून पाहिलं असतं तरी त्यांना कळलं असतं. म्हणजे नवी मोटर घातल्यावर त्यांनी ते चालवूनसुद्धा पाहिलं नव्हतं, किंवा पाहिलं आणि तसंच माझ्या हातात दिलं.

बुधवार पेठेतल्या मिस्त्रींनी काय केलं

तापकीर गल्लीच्या बाजूला मिक्सर आणि मोटरी दुरुस्त करणारे एक वयस्क मिस्त्री आहेत. मशीन त्यांच्यासमोर ठेवलं. त्यांनी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला नाही. ‘ताई, काय होतंय ते आधी तुम्ही सांगा,’ म्हणाले. मी तो कागद वाचून दाखवला. वाचून होईपर्यंत ते मान हलवत होते. ‘वाट अडलीय,’ एवढंच बोलले. मग पाइप काढून बाजूला ठेवला, मशीन चालू केलं आणि हवा आत जाते त्या तोंडावर तळहात धरला. ओढ नव्हती. बंद करून पिशवी काढली. पिशवीच्या मागे, मोटरच्या आधी, एक पातळ गादीवजा जाळी असते. ती त्यांनी बाहेर काढून माझ्यासमोर धरली. मूळचा काळा स्पंज टाइल्सच्या आणि सिमेंटच्या पुडीने पांढरा, टणक झाला होता. फुंकर मारली तर हवा पार जात नव्हती. मागच्या बाजूचा, हवा बाहेर सोडणारा फिल्टरही तसाच. मोटर बदलणाऱ्याला ही जाळी हाताने बाजूला करावीच लागते. त्यांनी ती बाजूला केली, मोटर काढली, नवी मोटर बसवली आणि चोंदलेली जाळी पुन्हा जागच्या जागी लावली.

नंतर त्यांनी वर्तमानपत्रातली जुनी मोटर काढली, कार्बन तपासले, मीटर लावला आणि बाकावर घट्ट धरून चालवली. ती चालली.

मग त्यांनी मला हे यंत्र समजावून सांगितलं. त्यावर मी पुढे बरंच वाचलं. जे कळलं ते थोडक्यात सांगते, कारण हे माहीत असतं तर त्या काउंटरवर मला कोणी गप्प करू शकलं नसतं.

व्हॅक्यूम क्लीनर धूळ ओढत नाही, हवा हलवतो. मोटर एका बंदिस्त पंख्याला मिनिटाला वीस-तीस हजार फेऱ्यांच्या आसपास फिरवते. पंखा आतली हवा बाहेर फेकतो, आतला दाब कमी होतो आणि बाहेरची हवा आपल्या वजनाने आत घुसते. स्ट्रॉने उसाचा रस वर येतो तो याच कारणाने. घरगुती मशीनमध्ये दाबाचा हा फरक फार तर 20 किलोपास्कलच्या आसपास असतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम पाचवा हिस्सा. धूळ उचलते ती आत घुसणारी वेगवान हवा. म्हणून नोझल, पाइप, पिशवी, मोटरआधीची जाळी, पंखा आणि मागचा फिल्टर ही एक सलग वाट आहे. ती कुठेही अडली की ओढ जाते, मोटर कितीही धडधाकट असली तरी.

आता आवाज का चढतो? वाट अडली की पंख्याला ढकलायला हवाच मिळत नाही. काम कमी झाल्यामुळे मोटर हलकी होऊन आणखी जोरात फिरते आणि सूर चढतो. ऐकणाऱ्याला वाटतं, मोटर तडफडतेय. प्रत्यक्षात तिच्यावरचा भार कमी झालेला असतो. धोका दुसराच आहे. साध्या कोरड्या मशीनमध्ये ओढलेली हवाच मोटरवरून जाऊन तिला थंड ठेवते. वाट बंद झाली की ती थंड हवा थांबते, मोटर तापते, आणि जळू नये म्हणून आत बसवलेला थर्मल कटआउट वीज तोडतो. थंड झाली की पुन्हा जोडतो. म्हणजे माझं मशीन बंद पडत होतं ते मोटर जळाल्यामुळे नव्हे, मोटर वाचवली जात होती म्हणून. ‘शेवटचे गचके’ असं ज्याला तो माणूस म्हणाला, ते यंत्रातलं संरक्षण व्यवस्थित चालू असल्याची खूण होती. हे वाचलं तेव्हा मला त्या माणसाचं हसणं पुन्हा आठवलं आणि पुन्हा राग आला.

पिशवी अर्धी रिकामी असूनही ओढ का जाते, याचंही उत्तर यातच आहे. पिशवीत जागा किती उरली याला अर्थ नाही, तिच्या कापडाची किंवा कागदाची छिद्रं मोकळी आहेत का याला आहे. केस, कापूस, चिवड्याचा चुरा यांनी पिशवी काठोकाठ भरली तरी हवा जाते. सिमेंटची, पीओपीची, रांगोळीची मूठभर पूड छिद्रं बुजवून टाकते. जेम्स डायसन हा ब्रिटिश संशोधक याच तक्रारीने पछाडला होता. पिशवीची छिद्रं बुजून ओढ जाते म्हणून त्याने हवेला भोवऱ्यात फिरवून धूळ बाजूला टाकणारी रचना केली. त्यासाठी 5,127 नमुने बनवले, आणि 1993 साली त्याचं स्वतःच्या नावाचं पहिलं मशीन बाजारात आलं. जगात ज्या दोषावर एवढं काम झालं, तो माझ्या सर्व्हिस सेंटरला ठाऊक नव्हता यावर मी विश्वास ठेवायचा का?

वॅटचं गारूडही असंच. ‘1600 वॅट, काकू!’ असं तो मुलगा दर वाक्याला सांगत होता. वॅट म्हणजे मशीन वीज किती खातं. ते किती ओढतं हे दाबाचा फरक आणि हवेचा प्रवाह या दोन्हींवर ठरतं. युरोपीय संघाने सप्टेंबर 2014 पासून 1600 वॅट किंवा त्याहून मोठी आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅट किंवा त्याहून मोठी घरगुती मशीन नव्याने बाजारात आणायला बंदी केली, आणि लोकांची घरं काही अस्वच्छ राहिली नाहीत. तिथे विजेच्या वापराचं लेबलही सक्तीचं होतं. पण त्यासाठीची चाचणी रिकाम्या पिशवीने होत असे. डायसनच्या कंपनीने त्यावर दावा लावला आणि नोव्हेंबर 2018 मध्ये तिथल्या न्यायालयाने ते लेबलच रद्द केलं. रिकाम्या पिशवीवरची चाचणी खऱ्या वापराशी जुळत नाही, हे न्यायालयात मान्य झालेलं आहे. दारात होणारं प्रत्येक प्रात्यक्षिक रिकाम्या पिशवीवरच होतं.

सेंटरने पुढे काय केलं

चोंदलेल्या जाळीचे फोटो, जुनी मोटर चालतानाचा व्हिडिओ आणि मिस्त्रींचं बिल घेऊन मी पुन्हा गेले. ‘बाहेरच्या माणसाने उघडलंय, आता आम्ही जबाबदार नाही,’ असं उत्तर मिळालं. म्हणजे त्यांनी न केलेलं काम दुसऱ्याने केलं हाच माझा गुन्हा. त्यानंतर पुढच्या सर्व्हिसवर सूट देणारं कूपन देऊ केलं, आणि तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही मागितली. मी सही केली नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगात गेले. प्रकरण चालू आहे. सासूबाई म्हणतात, ‘सोड आता.’ मी सोडणार नाही.

आता तुमच्यासाठी

ओढ कमी झाली की सेंटरला फोन करायच्या आधी हे करा. प्लग काढा, पाइप काढा. मग पुन्हा प्लग लावून मशीन चालू करा आणि नुसत्या तोंडावर तळहात धरा. तिथे ओढ जोरदार असेल तर मशीन ठीक आहे, दोष पाइप, नळी किंवा नोझलमध्ये आहे. पाइप उभा धरून वरून एक नाणं सोडा. खालून बाहेर पडलं तर पाइप मोकळा. नाही पडलं तर आत पायमोजा, टूथपिक, केसांचा गुंता असं काहीतरी अडकलेलं आहे. झाडूची काडी घालून ते आणखी आत ढकलू नका, उलट्या बाजूने काढा.

तोंडावरच ओढ नसेल आणि तोंड मोकळं असतानाही सूर चढा असेल, तर अडथळा आत आहे: पिशवी, मोटरआधीची जाळी किंवा मागचा फिल्टर. तीनही बघा. मागचा फिल्टर बहुतेकांना माहीतच नसतो.

तोंडावर तळहात घट्ट दाबला की निरोगी मशीनचा सूर चढलाच पाहिजे. मुळात सूर खालचा आहे आणि दाबूनही बदलत नाही, तर हवा दुसरीकडून शिरते आहे. झाकणाचं रबर, पाइपची चीर, नीट न बसलेली पिशवी तपासा. रबर स्वस्त मिळतं.

मोटर खरोखर बिघडल्याची लक्षणं वेगळी आहेत. जळका वास, कार्बनपाशी मोठ्या ठिणग्या, बेअरिंगचा कर्कश घासणारा आवाज, चालू करताच एमसीबी पडणं, किंवा पूर्ण थंड झाल्यावरही अजिबात चालू न होणं. यातही पुष्कळदा फक्त कार्बन बदलून भागतं. कार्बनची जोडी मोटरच्या किमतीपुढे काहीच नाही. ‘कार्बन बघितले का?’ हा प्रश्न जरूर विचारा.

सिमेंट, पीओपी, टाइल कापल्याची पूड, चुन्याची भुकटी, रांगोळी, राख, पीठ, प्रिंटरचं टोनर, यातलं काहीही साध्या घरगुती मशीनने ओढू नका, समोर कोणीही उभा राहून सांगत असला तरी. यातली अगदी बारीक पूड साध्या पिशवीतून पार होऊन मागून खोलीत परत येते. टाइल आणि काँक्रीटच्या धुळीत सिलिका असते, ती फुफ्फुसांना घातक आहे. ती ओल्या फडक्याने टिपा. उदबत्ती-धुपाची राख विझलीय असं दिसलं तरी आत निखारा असू शकतो, आणि पिशवी कागदाची किंवा कापडाची असते.

पाणी ओढायचं असेल तर ‘वेट अँड ड्राय’ असं स्पष्ट लिहिलेलं मशीनच हवं. त्यात मोटर थंड करणारी हवा वेगळ्या वाटेने येते. टाकी भरली की आतला तरंगता चेंडू वर जाऊन तोंड बंद करतो. तेव्हाही ओढ एकदम जाते आणि सूर चढतो. टाकी रिकामी करा. कोणालाही बोलावू नका.

स्पंजची जाळी धुता येते, पण पूर्ण सुकल्याशिवाय बसवू नका. हेपा फिल्टर धुता येतो असं त्यावर लिहिलं असेल तरच धुवा. कागदी हेपा भिजला की संपला. अमेरिकी मोजणीत हेपा म्हणजे 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवणारा फिल्टर. ‘हेपा टाइप’, ‘हेपासारखा’ हे शब्द त्या आकड्याची हमी देत नाहीत. घरात दमेकरी असेल तर एवढं तपासाच, आणि सफाई चालू असताना व मशीनची पिशवी झटकताना त्या माणसाला दुसऱ्या खोलीत बसवा.

1600 वॅटचं मशीन 230 व्होल्टवर सुमारे सात अँपिअर घेतं. त्याला 16 अँपिअरचा सॉकेट लागतो. सहाच्या सॉकेटवर ॲडॉप्टर लावून चालवू नका. हे विकणारा सांगत नाही.

माहितीपुस्तिका पैसे देण्याआधी मागा. सेंटर घराजवळ आहे का बघा. बिल जपून ठेवा. ही नेहमीची वाक्यं आहेत, पण खरी आहेत.

आता दुरुस्तीबद्दल, कारण माझी लढाई इथे चालू आहे. मशीन सोपवण्याआधी ते चालतानाचा, आवाजासकट, व्हिडिओ करा. लक्षणं लेखी द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का घ्या. त्यांनी कागद घेतला नाही तर तोच मजकूर सेंटरच्या ई-मेलवर पाठवा. फॉर्मवर ‘कस्टमर मिसयूज’ किंवा तसं काही लिहिलेलं दिसलं तर सही करण्याआधी शेजारी ‘मान्य नाही’ लिहा. मोटर बदलायची म्हणाले तर बदलण्याआधी फोन करायला सांगा. जुना भाग परत मागा, आणि तो मिळेल हे फॉर्मवर लिहून घ्या. मशीन परत घेताना तिथेच लावून, तळहात धरून तपासा, मागे रांग कितीही असू दे.

आणि फसवलं गेलात तर घरात चरफडत बसू नका. हेल्पलाइनचा नंबर 1915. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही, आणि स्वतःची बाजू स्वतः मांडता येते. दुरुस्तीत हयगय झाली तर कायद्याच्या भाषेत ती ‘सेवेतील त्रुटी’ आहे. हा शब्द तक्रारीत लिहा. बिल द्यायला नकार देणं हीसुद्धा अनुचित व्यापारी प्रथा आहे.

मोटर हा शब्द ऐकला की आपण घाबरतो आणि पैसे काढतो, यावर ही सगळी दुकानदारी चालते. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘मोटर गेली’ म्हणाला, तर त्याला तुमच्यासमोर झाकण उघडायला लावा आणि जाळी बाहेर काढून दाखवायला सांगा. ती दाखवेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.